बराकीखाली काय आहे?

हौशी : अहिल्यानगरच्या भुईकोट किल्ल्यातली ती बराक महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजातल्या पोरांनी एकदा तरी पाहिली पाहिजे, असं मी म्हणतो तेव्हा लोक हसतात. हसू देत. 8 ऑगस्ट 1942 च्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि पहाटे पोलीस दारात उभे. व्हिक्टोरिया टर्मिनसवरून खास गाडी सोडली. गांधीजींना चिंचवडला उतरवून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि काँग्रेस कार्यसमिती तशीच पुढं नगरला आणली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. देशाचं भावी मंत्रिमंडळच जवळजवळ एका अंगणाभोवती कोंडलं होतं म्हणा ना! आणि कोंडलेल्या माणसांनी केलं काय, तर लिहिलं. नेहरूंनी एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हातावेगळं केलं. मौलानांनी कधीच टपालात न पडणारी पत्रं लिहिली, त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ झालं. महताबांनी ओडिशाचा इतिहास लिहिला, नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’च्या भाषांतराला बसले. एका छताखाली, एका कैदेत इतकं लिखाण झालेली दुसरी लष्करी इमारत मला दाखवा.

शंकेखोर : बारा नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत, याचं कौतुक आहे. पण त्या बराकीत त्यांच्याआधी झोपलेल्या एका तरी शिपायाचं नाव सांगा. नाही ना सांगता येत? मलाही येत नाही. मग तुम्ही ज्याला बराकीचा इतिहास म्हणता, तो बराकीचा नाहीच. तो तिथं पावणेतीन वर्षं राहिलेल्या पाहुण्यांचा इतिहास आहे, आणि तेही मर्जीविरुद्ध आलेल्या पाहुण्यांचा. नगरचा किल्ला 1803 मध्ये आर्थर वेलस्लीनं शिंद्यांकडून घेतला. मधे तो पेशव्यांकडे गेला आणि 1817 च्या पुणे करारानं कायमचा इंग्रजांकडे आला. म्हणजे 1942 पर्यंत सव्वाशे वर्षं तिथं गोऱ्यांची फौज नांदत होती. सव्वाशे वर्षांपुढं पावणेतीन! आणि पाटी लागते ती पावणेतीन वर्षांची.

हौशी : पाटी कालावधीवरून लागत नसते हो. मंडालेच्या तुरुंगात किती हजार माणसं सडली असतील, पण आपल्याला आठवतं ते टिळकांनी तिथं ‘गीतारहस्य’ लिहिलं म्हणून. इमारतीचा रोजचा वापर विसरला जातो आणि तिच्यात घडलेलं असाधारण काहीतरी उरतं. आणखी एक गंमत सांगतो. वेलस्लीनं नगरची पेठ घेतली ती 8 ऑगस्ट 1803 ला, किल्ला 12 ऑगस्टला पडला. ‘छोडो भारत’ही 8 ऑगस्टचंच. ज्या तारखेला इंग्रज नगरात घुसले, त्याच तारखेला त्यांना निघा म्हणून सांगण्यात आलं, आणि सांगणारे लगेच दुसऱ्या दिवशी त्याच किल्ल्यात येऊन पडले.

शंकेखोर : हा पंचांगातला योग झाला. मुंबईत ठराव करणाऱ्यांपैकी कुणाच्या ध्यानीमनीही नगर नव्हतं. सरकारनंही नेत्यांना कुठं ठेवलंय हे जाहीर केलं नव्हतं, सुरुवातीला त्यांना पत्रं नव्हती, वर्तमानपत्रं नव्हती. तारखांचं राहू द्या, मला मूळ मुद्दा सोडवत नाही. बराक ही वस्तू आली कुठून? 1857 नंतर गोऱ्या फौजेची संख्या वाढली आणि मग इंग्रज सरकारच्या ध्यानात आलं की हे गोरे लढाईत मरत नाहीत, तापानं, कॉलऱ्यानं, हगवणीनं आणि दारूनं मरतात. 1859 मध्ये नेमलेल्या शाही आयोगानं 1863 ला अहवाल दिला. त्यात हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांचं वार्षिक मृत्यूचं प्रमाण हजारी 69 आहे असं मांडलं होतं. हजारी एकोणसत्तर! दर वर्षी! फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं त्यावर सडेतोड टिपण लिहिलं, इकडच्या मातीवर एकदाही पाऊल न ठेवता. त्यानंतर ती उंच जोती, ते दोन्ही अंगांचे रुंद व्हरांडे, छताजवळचे झरोके, माणशी ठरावीक मोकळी हवा, हे सगळं सरकारी नियम म्हणून आलं. आज आपण नगरच्या भिंगार कँपातून जाताना ‘काय सुरेख ब्रिटिशकालीन बांधकाम’ म्हणतो ना, ते सौंदर्य मुडद्यांच्या हिशेबातून आलंय.

हौशी : हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण तुम्ही मांडलंत तसं मी मांडलं नसतं. आणि यानं माझीच बाजू बळकट होते. मग हेही सांगू या की लोकांना. जोतं उंच का, छत इतकं वर का, खिडकी समोरासमोरच का, हे समजलं तर पोरं इमारत वाचायला शिकतील.

शंकेखोर : थांबा, अर्धंच सांगितलंय. ही हवा आणि हे छत गोऱ्या शिपायासाठी होतं. देशी शिपायाला बराक नव्हती. त्याच्यासाठी ‘लाइन’ होती. सरकार झोपडीपुरता भत्ता द्यायचं आणि शिपायानं स्वतःच्या हातानं मातीची, कुडाची खोली उभारायची. पलटण हलली की खोली मागं राहायची. त्या खोल्यांपैकी काय उरलंय? काही नाही. माती मातीत गेली. बॉम्बे आर्मीतले महार शिपाई, मराठे शिपाई, कोकणातले, देशावरचे, सगळे त्या लाइनींत राहिले. महारांची तर भरतीच 1890 च्या दशकात बंद केली, म्हणजे माती गेली आणि माणसंही गेली. दगड-चुन्याचं जे टिकलं ते गोऱ्याचं. तुम्ही जुनी बराक जपा म्हणता तेव्हा टिकलेलंच जपा म्हणता, आणि काय टिकायचं हे इंग्रजांच्या बांधकाम खात्यानं आधीच ठरवून टाकलेलं आहे. त्या ठरावावर आपण सही करायची?

(इथं या लेखकाचा कल शंकेखोराकडे झुकतो, हे लपवण्यात अर्थ नाही. पण हौशी माणूसही गप्प बसणारा नव्हता.)

हौशी : सही कशाला, त्याच दगडावर दुसरं काही लिहू. तुम्हाला वाटतं की मी फक्त बारा मोठ्या माणसांचा भक्त आहे. नाही. नगरच्या बराकींचा आणि छावणीचा खरा धागा मला दिसतो तो कैद्यांचा, आणि त्यात सगळे येतात. बोअर युद्धात पकडलेले दक्षिण आफ्रिकेतले शेतकरी समुद्र ओलांडून इथं आणले गेले. आपल्या जमिनीवरून उठवलेले कुणबीच ते एका अर्थानं. पहिल्या महायुद्धात नगर ही हिंदुस्थानातली जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांची मोठी नजरकैद छावणी झाली. व्यापारी, मिशनरी, पूर्व आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं, सगळी पत्र्याखाली. 1917 मध्ये जिनिव्हाहून रेड क्रॉसचे प्रतिनिधी ती पाहायला आले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला पुन्हा जर्मन आले. त्यांच्यात हाइनरिख हारर होता, तोच गिर्यारोहक, जो पुढं देवळाली आणि डेहराडूनला हलवला गेला आणि तिथून पळून तिबेटात पोचला. आणि मग 1942. चाळीस-बेचाळीस वर्षांत साम्राज्याचा जो जो शत्रू झाला, तो नगरला येऊन राहिला. असं गाव दुसरं कुठलं?

शंकेखोर : आता तुम्ही कामाचं बोललात. पण हे नगरच्या नशिबात का आलं, ते विचारा. समुद्र लांब, म्हणून पळून जहाज गाठता येत नाही. 1878 मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली, म्हणून गाडीभर माणसं आणता येतात. पहाऱ्याला फौज आधीच हजर. हवा कोरडी. राहायला बराकी तयार, आणि पलटणी लढाईवर गेल्या की त्या रिकाम्या. सगळं सोयीचं. म्हणजे नगरची निवड नगरवर प्रेम म्हणून झाली नाही, सोय म्हणून झाली. आणि इथल्या माणसानं त्या कैद्यांना पाहिलं किती? किल्ल्याभोवती खंदक, खंदकापलीकडे पहारा. नेहरूंनी भारताचा शोध घेतला तो नगर न बघता. पेठेतला विणकर, माळीवाडा, सावेडीचा शेतकरी, आमचं सीनेकाठचं नागापूर, हे त्यांना त्या भिंतीपलीकडे कसं दिसणार? सबंध देशाच्या पाच हजार वर्षांवर लिहिलं, आणि भिंतीबाहेर हाकेच्या अंतरावर काय आहे ते लिहिता येत नव्हतं. मौलानांचं तसंच. त्यांच्या पत्नी जुलैखा बेगम एप्रिल 1943 मध्ये कलकत्त्यात वारल्या आणि हे इथं. त्यांच्या पत्रांत चिमण्या आहेत, चहा आहे, पहाट आहे. भिंतीबाहेरचं जितंजागतं नगर नाही. त्यांना मी दोष देत नाही. पण तुम्ही ‘नगरचा वारसा’ म्हणता तेव्हा मला विचारावंसं वाटतं, यात नगरचं काय आहे? पत्त्यावरचं गाव, एवढंच ना?

हौशी : पत्ता हीसुद्धा लहान गोष्ट नाही. आणि आगाखान पॅलेसकडे बघा. त्याच गाडीतून निघालेल्यांचं दुसरं ठिकाण. 1969 मध्ये आगाखानांनी तो देशाला देऊन टाकला. आज तिथं तिकीट काढून कुणीही जातं, कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी पाहतं, पोरं वहीत काहीतरी लिहून घेतात. एक गाडी, दोन मुक्काम. पुण्याचा मुक्काम राष्ट्रीय स्मारक झाला, आणि आपला मुक्काम पाहायचा तर लष्कराच्या शिस्तीत, त्यांच्या वेळेत, त्यांनी दाखवलं तेवढंच. हे मला बोचतं. देश ज्यांनी मोकळा केला त्यांची कोठडी स्वतंत्र देशातही पहाऱ्याआडच राहावी?

शंकेखोर : बोचतं ते मान्य. पण लष्करानं किल्ला राखला नसता तर काय झालं असतं, त्याचं उत्तर किल्ल्याबाहेर नगरभर पसरलेलं आहे. निजामशाहीच्या किती कबरी, मशिदी, बागा, हौद या शहरात होते आणि आज त्यांतल्या कशाचं काय झालंय, हे तुम्ही मला सांगायची गरज नाही. फराहबागेत एके काळी पाण्याच्या मधोमध महाल होता, आता पाणी कुठं आहे? बहुतेक वेशी गेल्या, तटाचे दगड घरांच्या पायात गेले. किल्ल्याचा खंदक शाबूत आहे तो आत फौज होती म्हणून. मला लष्कराची भाटगिरी करायची नाही, पण कुलूप हेही एक जतन असतं.

हौशी : कुलूप हे जतन असेल तर तिजोरीतलं पुस्तकही वाचलेलं म्हणावं लागेल. पण जाऊ द्या. तुम्ही नागापूरचे, तुमच्याकडे लष्कराचं हे कौतुक कुठून आलं, तेच समजत नाही.

शंकेखोर : कौतुक नाही, सवय आहे. आम्हाला फौज दिसते ती वेगळीच. खारे कर्जुन्याच्या माळावरची ती के. के. रेंज, जिथं रणगाडे गोळे सोडतात. आसपासच्या गावांना आवाजाची सवय आहे, पण जमीन जाणार की राहणार या घोराची सवय होत नाही. नगर, पारनेर, राहुरी तालुक्यांतले शेतकरी त्यासाठी वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. दुसरीकडे त्याच गावांतली पोरं पहाटे भरतीसाठी रस्त्यावरून पळताना दिसतात. 1948 मध्ये आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथं झालं, फाळणीनंतर वाहन संशोधनाची संस्था चकलाल्याहून इथं आली, 1979 मध्ये मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री उभी राहिली, 1994 मध्ये रणगाडा संग्रहालय झालं. म्हणजे इथली बराक ‘माजी’ झालीच नाही. एखादी इमारत रिकामी झाली असेल, पण बराक म्हणून जी व्यवस्था आहे ती चालूच आहे, फक्त झेंडा बदलला. जी गोष्ट संपली नाही तिचं स्मारक कसं करणार? नागापुरातल्या एमआयडीसीच्या कामगाराला विचारा, किल्ला म्हणजे काय. तो ‘मिलिटरी’ म्हणेल. ‘डिस्कव्हरी’ म्हणणार नाही.

हौशी : त्या कामगारानं ‘डिस्कव्हरी’ म्हणावं म्हणूनच तर माझी धडपड आहे! आणि झेंडा बदलला ही तुमच्या तोंडून ‘फक्त’ लावून निघणारी गोष्ट नव्हे. ज्या फौजेच्या वसाहतीत त्या नेत्यांना कैद केलं, तीच फौज पुढं त्यांच्या सरकारच्या हुकमात आली. माझ्या मते या बराकीतलं खरं नाट्य ते आहे. शिवाय 2023 मध्ये हिमाचलातल्या खास योल छावणीचं नागरी क्षेत्र वेगळं काढलं, आता देशातल्या बाकीच्या छावण्यांचं काय करायचं याचा विचार चालू आहे, त्यात आपली छावणीही आलीच. शहराचं नाव 2024 मध्ये बदललं. म्हणजे नावं, हद्दी, ताबा सगळं हलतंय. अशा वेळी कुणीतरी मागणी रेटून धरली नाही तर त्या इमारतीचं गोदाम व्हायला वेळ लागणार नाही.

शंकेखोर : मागणी धरा, पण नेमकी कशाची? इथं मी तुम्हाला तुमच्याच नेहरूंची साक्ष काढतो. त्यांच्या पुस्तकाच्या आरंभालाच आहे. ते आणि त्यांचे सोबती त्या ओसाड अंगणात फुलांचे वाफे करायला बसले. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामाच्या राबिटानं भरलेली. फावडं मारता मारता खाली जुन्या भिंती लागल्या, घुमटांचे माथे लागले. एका भिंतीवर दगडात कोरलेलं सुंदर कमळ सापडलं. आणि मग? मग खोल खणायला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. तिथंच थांबावं लागलं. मला विचाराल तर त्या बराकीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची नोंद ती आहे. बराक मोकळ्या माळावर नाही उठली. ती निजामशाही वाड्यांच्या डोक्यावर उठली. ज्या किल्ल्यात चांदबिबी लढली, त्याच्या इमारती गाडून वर सपाटी केली, वर शिपायांच्या खोल्या चढवल्या. आणि खालचं बघू लागलेल्या माणसाला तुरुंगाधिकाऱ्यानं सांगितलं, पुरे.

हौशी : तेच तर! आता तो तुरुंगाधिकारी नाही. आता खणू या.

शंकेखोर : खणू या? आणि बराक? 1942 ची बराक जशीच्या तशी ठेवायची, फरशी हलवायची नाही, खोल्यांवर नावांच्या पाट्या, टेबल, खुर्ची, चष्मा, हा तुमचा आग्रह. तसं केलंत तर कमळ कायमचं खाली राहिलं. म्हणजे ‘खोल जाऊ नका’ हे सांगणारे आता तुम्ही झालात. तुमच्याकडे किल्ल्या नाहीत, श्रद्धा आहे, एवढाच फरक.

हौशी : हा घाव वर्मी बसला, मान्य. पण उलटा विचारही करा. खाली निजामशाही आहे म्हणून वरचं 1942 उखडून टाकलं, तर उद्या आणखी कुणी म्हणेल निजामशाहीखालीही काहीतरी आहे. खणणाऱ्याला तळ हवा असतो आणि प्रत्येकाचा तळ वेगळा असतो. आज काही लोकांना चांदबिबीपर्यंतच जायचं असतं, काहींना तिला ओलांडून जायचं असतं. हा खेळ मी या देशात पुरेसा पाहिलाय. वरच्या थराला हात लावू नका, हे माझं म्हणणं भित्रेपणाचं वाटेल, पण त्यामागे हा अनुभव आहे. वाटल्यास खोल्यांना हात न लावता अंगणात खणा. कमळ अंगणाच्या बाजूलाच लागलं असणार, वाफे तिथंच होते.

शंकेखोर : अंगणात म्हणता, पण वाफे म्हणजेच तर त्या कैद्यांचं काम! दगडगोटे वेचून, पाणी घालून त्यांनी जी जमीन तयार केली, ती बराकीतली त्यांच्या हातची एकमेव जागा. खोल्या इंग्रजांच्या, भिंती इंग्रजांच्या, पहारा इंग्रजांचा. अंगण तेवढं त्यांचं. तेच तुम्ही खणायला देता आणि इंग्रजांची खोली राखता? आणि लाइनीतल्या त्या मातीच्या खोल्यांचं तर आपण नावही घेणं सोडलं, त्या तर कुठं खणूनही मिळणार नाहीत.

हौशी : मग तुम्हीच सांगा, पहिलं फावडं कुठं मारायचं.

शंकेखोर : मला ते माहीत असतं तर तुमच्याशी इतका वेळ वाद घातला नसता. परवानगीच्या अर्जात मात्र जागेचा रकाना असतो, आणि तो कुणीतरी भरायला लागणार. तुम्ही भरलात तर मी हरकत घेईन, मी भरला तर तुम्ही घ्याल, हे दोघांनाही आत्ताच दिसतंय. तरी अर्ज करा.